अर्थप्रपंच : कर्जाहून स्वस्त घर

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनींचें पत्र आलें. त्यांचे धाकटे दीर अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत असतात. भाड्यानें देण्याकरितां त्यांना तेथें एक घर घ्यावयाचें आहे. तें घर 'शॉर्ट सेल' या रीतीनें विकावयाचें असून, कुटुंबाच्या सामाईक पैशांतून कांहीं रक्कम पाठवावी असें त्यांनीं कळविलें आहे. घरांतील वडील मंडळी दोन प्रश्न विचारतात. बँक स्वतः तोटा सोसून घर कां विकूं देते? आणि संकटांत सांपडलेल्या माणसाचें घर स्वस्तांत घेणें आपल्यास शोभेल काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत, व दुसरा पहिल्याहून अधिक योग्य आहे. परंतु पहिल्याचें उत्तर कळल्यावांचून दुसऱ्याचें देतां येत नाहीं.

प्रथम नांवाविषयीं. शेअरबाजारांत हातीं नसलेले शेअर आधीं विकून मागाहून खरेदी करण्याच्या व्यवहारासही याच धर्तीचें नांव आहे. त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. येथें 'शॉर्ट' म्हणजे तोकडें. घर विकून येणारी रक्कम कर्जास पुरत नाहीं, म्हणून ही तुटीची विक्री. आपल्या स्मृतिकारांनीं गहाणास 'आधि' म्हटलें आहे. मनाच्या पीडेसही संस्कृतांत तोच शब्द आहे, आणि राहतें घर गहाण पडलेल्या गृहस्थास हा श्लेष उलगडून सांगावा लागत नाहीं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊं. एका गृहस्थास पहिल्या बँकेचे ३,००,००० डॉलर देणें आहे. त्याच घरावर दुसऱ्या संस्थेचा ४०,००० डॉलरांचा बोजा आहे. नोकरी गेली, हप्ते थकले, आणि बाजारांत घरास २,२०,००० डॉलरच येतात. तेव्हां तो आपल्या अडचणीचें पत्र व जमाखर्चाचे कागद बँकेपुढें ठेवतो आणि विनंती करतो कीं, येईल त्या किमतीस विकूं द्या व घर बोजांतून मोकळें करा. गिऱ्हाईक २,२०,००० डॉलर देतें. दलाली व इतर खर्च यांत १६,००० जातात; दुसऱ्या संस्थेनें आपला बोजा सोडावा म्हणून तिच्या हातावर ६,००० ठेवतात; पहिल्या बँकेच्या पदरांत १,९८,००० पडतात. म्हणजे १,०२,००० डॉलरांची तूट तिनें त्या विक्रीपुरती पत्करली.

हें ती धर्म म्हणून करीत नाहीं. घर जप्त करून लिलावांत काढावें, तर न्यू जर्सीसारख्या संस्थानांत कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यांत पुष्कळ काळ जातो. तेवढ्या काळांत कर भरावयाचा, घर राखावयाचें, वकील पोसावयाचा. शिवाय रिकाम्या घराच्या नळांना थंडींत भेगा पडतात. हा सर्व हिशेब मांडूनच बँक आजचे कमी पैसे पसंत करते. २००६ सालानंतर अमेरिकेंतील घरांचे भाव कोसळूं लागले, आणि २०१२ पर्यंत लास व्हेगास व फीनिक्स या शहरांत ते निम्म्याहूनही खालीं आले. त्या काळांत लक्षावधि घरांवरील कर्ज घरांच्या किमतीहून मोठें झालें, आणि पूर्वीं क्वचित् होणारा हा व्यवहार घरोघरीं माहीत झाला. पुढें भाव चढले, तसा तो पुन्हां विरळा झाला.

आतां गुंतवणूक करणाराची बाजू. त्यानें मुख्य गोष्ट ध्यानांत घ्यावी ती ही कीं, खरेदीखतावर सही घरमालकाची असली तरी किमतीस मान डोलाविणारा दुसराच असतो. मालकानें 'होय' म्हटलें म्हणजे सौदा झाला नाहीं. बँक आपल्या माणसाकडून घराचें मोल करविते. तें अधिक निघालें तर भाव वाढवून मागते. कर्जाचा विमा उतरविलेला असेल तर विमा कंपनीस विचारते. दुसऱ्या संस्थेनें ६,००० नाकारून १५,००० मागितले तर सगळें अडून बसतें. इकडे बोलणें चाललें असतां तिकडे जप्तीचें काम पुढें सरकत असूं शकतें, आणि हातातोंडाशीं आलेलें घर लिलावांत निघून जातें. २०१२ सालीं फॅनी मे व फ्रेडी मॅक या, गृहकर्जें विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांच्या कर्जांपुरता असा नियम झाला कीं, सामान्यतः ३० दिवसांत उत्तर व ६० दिवसांत अखेरचा निर्णय द्यावा. असा नियम करावा लागला, यावरूनच आधींची स्थिति ओळखावी. स्वस्ताईचा पुष्कळसा भाग हें या वाट पाहण्याचें मोल आहे. ज्याचा पैसा तीन महिन्यांनीं मुलीच्या लग्नास लागणार आहे, त्यानें या वाटेस जाऊं नये.

घर 'आहे तसें' घ्यावें लागतें. दुरुस्तीस बँक दमडी देत नाहीं, व मालकापाशीं ती नसते. म्हणून जाणत्या माणसाकडून छपरापासून तळघरापर्यंत तपासणी करवावी. थकलेला घरपट्टीचा कर, वसाहतीच्या मंडळाची वर्गणी, सरकारी प्राप्तिकराचा बोजा, पैसे न मिळालेल्या कारागिराचा बोजा, हे सर्व शोधवावेत व मालकीहक्काचा विमा अवश्य उतरवावा. लगेच नफ्यानें विकूं म्हणाल, तर तेंही पुष्कळदां साधत नाहीं : अशा अनेक व्यवहारांत पहिले ३० दिवस फेरविक्रीस बंदी, आणि ९० दिवसांपर्यंत खरेदीच्या १२० टक्क्यांहून अधिक भाव घेण्यास बंदी, अशा अटी घातल्या जात. कांहीं लबाड दलाल बँकेस मुद्दाम कमी मोल दाखवून घर आपल्याच साथीदारास देववीत आणि त्याच दिवशीं चढ्या भावानें विकीत. अशांवर खटले झाले आहेत.

आपल्या मंडळींस सर्वांत अवघड वाटेल अशी अट निराळीच आहे. आपल्याकडे एका भावाचें घर जाऊं लागलें कीं दुसरा भाऊ तें घेतो, पहिल्यास तेथेंच राहूं देतो, आणि चार लोक त्यास शाबास म्हणतात. तुटीच्या विक्रींत सामान्यतः उभय पक्षांस असें शपथपत्र द्यावें लागतें कीं, आम्ही एकमेकांचे नातेवाईक नाहीं, आमच्यांत कोणताही गुप्त करार नाहीं, व विकणारा त्या घरांत मागें राहणार नाहीं. बँकेची शंका अशी कीं, घरच्या घरांत फिरवून कर्ज तेवढें बुडवितील. तेथें बंधुप्रेमानें केलेली खोटी सहीही फसवणूकच ठरते. दिरांच्या घरचा विक्रेता नात्यांतला वा स्नेहांतला नाहीं, एवढें त्यांना स्पष्ट विचारावें.

राहिला दुसरा प्रश्न. विकणारास या विक्रींतून सहसा कांहीं उरत नाहीं. मग तो त्यास राजी कां होतो? कारण जप्तीचा डाग याहून अधिक काळ राहतो. फॅनी मेच्या नियमांत जप्तीनंतर नवें गृहकर्ज मिळण्यास सामान्यतः सात वर्षें थांबावें लागतें, तुटीच्या विक्रीनंतर चार. मात्र बँकेच्या संमतिपत्रांत नुसता घरावरील बोजा उतरला आहे, कीं उरलेली तूटही माफ झाली आहे, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. कॅलिफोर्नियांत २०११ सालच्या कायद्यानें संमति दिलेल्या बँकांस राहत्या घराच्या अशा विक्रींतील तूट मागून वसूल करण्यास मनाई केली; सर्वच संस्थानांत तसें नाहीं. तेव्हां घर घेणें अशोभनीय नाहीं, असें माझें मत आहे. विकणारास स्वतःचा वकील आहे काय, व माफीची ओळ पत्रांत आहे काय, हें विचारावयास घेणारास एक पैसाही पडत नाहीं. तें न विचारतां घाई करविणाराचें मन मला स्वच्छ वाटत नाहीं.

पैशाविषयीं एक अडचण पत्रांत कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेंत एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते. पण ही सवलत व्यक्तीस आहे, अविभक्त हिंदु कुटुंबास नाहीं. सामाईक खात्यांतून परस्पर पैसे जावयाचे नाहींत. ते कोणाच्या तरी एकाच्या नांवें जातील. आणि ती देणगी, उसनवारी कीं घरांतील हिस्सा, हें पाठविण्यापूर्वींच सर्व भावांच्या सह्यांनिशीं कागदावर यावें. हिस्सा असेल तर न्यू जर्सीच्या खरेदीखतांतही तें नांव लागलें पाहिजे.