आधीं कागद, मग यंत्र

संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जीं बटणें, चौकटी व चित्रें आपण पाहतों, त्यांची मांडणी कोणी तरी आधीं योजिलेली असते. ती योजना चुकली म्हणजे तिकीट काढावयास आलेला मनुष्य यंत्रापुढें गोंधळून उभा राहतो, आणि दोष मात्र योजणाऱ्यास न लागतां त्या बिचाऱ्याच्या अज्ञानास लागतो. हा अन्याय टाळावयाचा असेल तर पडद्याचा नमुना प्रथम कागदावरच करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रीत अगदीं साधी आहे. प्रत्येक पडद्यासाठीं एक कागद घेऊन त्यावर पेन्सिलीनें चौकटी आंखाव्या. मग ज्यानें तें काम पूर्वीं पाहिलें नाहीं अशा मनुष्यास बोलावून 'तिकीट काढा' एवढेंच सांगावें. तो ज्या बटणावर बोट ठेवील त्याप्रमाणें एकानें पुढचा कागद मांडावा. दुसऱ्यानें तो कोठें अडखळला हें टिपून घ्यावें. सुचवावयाचें मात्र कोणींही कांहीं नाहीं. चूक आढळली तर रबर हाताशीं आहेच!

थोरांनींही ही रीत हलकी मानिली नाहीं. १९९६ सालीं बाजारांत आलेल्या पामपायलट या खिशांतील संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स यांनीं, यंत्र घडण्यापूर्वीं, एक लांकडी ठोकळा खिशांत बाळगला. काम पडे तेव्हां तो काढून ते त्यावर लिहिण्याचा अभिनय करीत.

यांत्रिक साधनांस आमचा विरोध नाहीं. १९८७ सालीं अ‍ॅपल कंपनीच्या हायपरकार्डनें एकेक पान मांडून तीं बटणांनीं जोडण्याची सोय केली. आज फिग्मासारख्या साधनांत हुबेहूब पडदा थोडक्या वेळांत उभा राहतो. यंत्राचा वेग, चित्रांची हालचाल, किंवा अंधांसाठीं पडदा वाचून दाखविणारी वाणी यांची परीक्षा कागदावर होत नाहीं. तेथें चालता नमुनाच हवा. परंतु रंगविलेला नमुना पाहणारा बहुधा रंगाविषयींच बोलतो, आणि एवढे श्रम झालेले पाहून मूळचा दोष सांगण्यास कचरतो. कच्च्या रेघांपुढें त्यास असा संकोच वाटत नाहीं. बाल्सामिक नांवाच्या साधनांत तर संगणकावरील रेघाही मुद्दाम हातानें काढल्यासारख्या ठेविल्या आहेत, त्यांतील मर्म हेंच.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, भिंत चढविल्यावर दार हलविणें किती कठीण, हें गवंड्यास विचारा. पडदा रचावयाचा असेल तेव्हां प्रथम चार कोरे कागद व एक अनोळखी मनुष्य शोधा. तो जेथें अडेल तेथें त्यास शिकवूं नका. आपला कागद बदला.