शेत हा देखावा नव्हे

शहराजवळच्या एखाद्या छोट्या शेतावर एक दिवस घालवण्याची प्रथा महाराष्ट्रात आता चांगलीच रुजली आहे. पुण्यामुंबईची मध्यमवर्गीय कुटुंबे रविवारी मुळशी, कर्जत, जुन्नरकडे जातात, बैलगाडीत बसतात, वासराच्या पाठीवरून हात फिरवतात, चुलीवरचे पिठले-भाकरी जेवतात, थंडीच्या दिवसांत हुरडा खातात आणि संध्याकाळी परततात. या प्रथेची टिंगल करण्याचे कारण नाही. दूध पिशवीतून येते एवढेच ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याने गोठा पाहिला तर चांगलेच झाले. आक्षेप आहे तो या सहलीलाच शेतीप्रश्नावरचा तोडगा म्हणून पुढे करणाऱ्या शासकीय विचारसरणीवर.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषिपर्यटन धोरण मंजूर केले. त्याच महिन्यात संसदेने तीन कृषी कायदे घाईघाईने संमत करून घेतले. मुंबईतील आणि दिल्लीतील सरकारे परस्परविरोधी पक्षांची होती. परंतु शेतमालाच्या विक्रीवर लहान शेतकरी जगला पाहिजे, ही जबाबदारी दोघांनाही नको होती. दिल्लीने त्याला सांगितले, व्यापाऱ्याशी तूच सौदा कर. मुंबईने सांगितले, पाहुणे बोलाव. दिल्लीचे कायदे शेतकऱ्यांनी वर्षभर झुंज देऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घ्यायला लावले. मुंबईच्या सल्ल्याविरुद्ध मात्र कोणी आवाज उठवला नाही, कारण तो सल्ला गोड होता.

पाहुण्यांना जे शेत रमणीय वाटते, त्याची रचना कोणाच्या करमणुकीसाठी झालेली नाही. जिराईत मुलखातील शेतकरी बाजरीत तूर पेरतो, मटकी आणि हुलगा पेरतो. रब्बीच्या ज्वारीत करडईचे पाटे टाकतो. पावसाने ओढ दिली आणि बाजरी गेली, तरी खोल मुळांची, उशिरा येणारी तूर हाती लागण्याची आशा उरते. ज्वारीचे दाणे घरात येतात, कडबा गोठ्यात जातो आणि गोठ्यातले शेण उकिरड्यावरून पुन्हा रानात जाते. दुधाचा पैसा आठवड्याचा बाजार भागवतो. शेळी विकून दवाखान्याचे बिल चुकते होते. ज्याला कोणी विमा दिला नाही, अशा माणसाने शतकानुशतकांच्या अनुभवातून उभारलेला हा विमा आहे. विविधता ही त्याची हौस नव्हे, गरज आहे.

हा विमा आज पद्धतशीरपणे मोडला जात आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील खातेदाराचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर तगायचे तर प्रत्येक जिन्नसाला दाम मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात २०२१ पासून तुरीच्या आयातीचे दार सताड उघडे ठेवले गेले आणि २०२५ मध्ये शेतकऱ्याची तूर बाजारसमित्यांत ७,५५० रुपये या आधारभूत किमतीच्या खाली विकली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद करण्यात आली. गाईच्या दुधाचे भाव कोसळले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपयांच्या अनुदानावर बोळवण झाली. आणि मार्च २०१५ मध्ये अंमलात आलेल्या गोवंशहत्याबंदीने गोठ्याचे अर्थशास्त्रच उलटे केले. थकलेला बैल विकायचा, त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा कुणब्याचा जुना हिशेब. तो हिशेब गुन्ह्यात काढल्यावर बैल दावणीला कसा राहणार? गोमातेच्या नावाने मते मागणाऱ्यांनी गोठा रिकामा केला आणि मग पर्यटकांसाठी बैलगाडी सजवली!

पर्यटनाचा पैसा तरी कोणाला मिळतो? खोल्या बांधायला, संडास-न्हाणीघरे उभारायला, मोटारींसाठी जागा सोडायला भांडवल लागते. ते ज्याच्याजवळ आहे तो मालक होतो. शेजारचा दोन एकरवाला त्याच्याकडे रोजावर जातो, त्याची बायको पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापते. शेतातली निम्म्याहून अधिक कामे करणाऱ्या या बाईचे नाव बहुधा सातबाऱ्यावर नसते आणि पाहुण्यांच्या छायाचित्रात ती केवळ शोभेपुरती असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक भरली. सहलीच्या जाहिरातीत शेतमजूर शोधून सापडणार नाही.

येथे चळवळीतील काही मित्रांचाही समाचार घेणे प्राप्त आहे. लहान शेती ही इतिहासाने मोडीत काढलेली वस्तू आहे, तिच्यासाठी अश्रू ढाळणे हा भाबडेपणा आहे, असे ते म्हणतात. त्यांनी १९८२ साल आठवावे. १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार बंद झाल्यावर त्यांतील कितीतरी जण कोकणात, साताऱ्यात, सांगली-कोल्हापुरात आपापल्या गावी गेले आणि भाताच्या खाचरावर, दोन म्हशींवर महिनोन्‌महिने तगले. संपाचा खरा निधी गावच्या बांधावर होता. २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी हाकललेला मजूर शेकडो मैल चालत गेला, तोही याच तुकड्याकडे.

मात्र या तुकड्याचा उदोउदो करणाऱ्यांनी दुसरी बाजूही ओळखावी. गावचे कुटुंब स्वतःच्या कष्टावर पोट भरत होते म्हणूनच गिरणीमालकाला कामगाराला कमी पगारात राबवता आले. लहान शेताने कामगाराला आधार दिला, तसे भांडवलाला अनुदानही दिले. आणि ते अनुदान मुख्यत्वे स्त्रियांच्या श्रमातून आले. म्हणून मागणी जुन्या गावगाड्याकडे परतण्याची असू शकत नाही. कडधान्ये, भरडधान्ये आणि दूध यांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी, शेतमजुराला किमान वेतन, सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव आणि जनावरे विकण्याचे स्वातंत्र्य, हीच मागणी असली पाहिजे.

शहरातील कार्यकर्त्यांनी रविवारच्या या सहलीकडे नाक मुरडून पाहू नये. तिचा उपयोग करावा. आपल्या वस्तीतील, कारखान्यातील, बँकेतील माणसे जवळच्या शेतावर न्यावीत. पण बैलगाडीत बसवून परत आणू नयेत. तुरीचा खर्च किती आणि भाव किती, दूध कोणत्या दराने जाते, खुरपणाऱ्या बाईचा रोज किती, हे तेथेच बांधावर विचारावे. वस्तीत ग्राहकांची सहकारी मंडळी उभारून त्या गावाची डाळ आणि धान्य वर्षभर रास्त दराने उचलावे. आणि दुधाच्या किंवा कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरेल, तेव्हा त्याच पाहुण्यांनी त्याच्या शेजारी उभे राहावे. हुरडा खाऊन गेलेला शहरवासी महागाईच्या नावाने आयातीची मागणी करणार असेल, तर त्याची भेट फुकट गेली. कांदा दोन रुपयांनी महागला तरी जो शेतकऱ्याच्या बाजूने बोलेल, त्यालाच शेत कळले.