खैरात नको, बाकावर जागा हवी

रमजान आला की विशेष मुलांच्या शाळेची देणगीदारांना आठवण होते. कुणी कपडे देतो, कुणी खजूर, कुणी शिरखुर्म्याचे सामान. देणाऱ्यांची नियत साफ असते, याविषयी मला शंका नाही. पण सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून इतकी वर्षे काम करताना, 'आपा, माझ्या मुलाला तुमच्या मुलांबरोबर खेळू द्या,' असे म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. माझे भांडण आहे ते इथेच. आमच्या समाजाने या मुलांना जकात-सदक्याच्या यादीत जागा दिली. वर्गातल्या बाकावर आणि मोहल्ल्यातल्या खेळात मात्र दिली नाही.

विजापूर वेस घ्या, शास्त्रीनगर घ्या की नई जिंदगी, घराघरातली कहाणी सारखीच. मूल बोलत नाही म्हटले की दादी म्हणते, 'इसका बाप भी देर से बोल्या था.' मग तावीज होतो, झाडफूक होते, दर्ग्याच्या फेऱ्या होतात आणि मूल पाच-सहा वर्षांचे होते. भाषा रुजण्याची वर्षे नेमकी हीच. ऐकू न येणाऱ्या बाळाला पहिल्या वर्षभरात श्रवणयंत्र मिळाले, तर ते बोलायला शिकण्याची आशा मोठी असते. सहाव्या वर्षी यंत्र बसवले तर आवाज कानावर पडतो, पण त्याचा अर्थ लावणे फार अवघड जाते. दुआ करू नका, असे मी म्हणत नाही. दुआ करा, आणि त्याच आठवड्यात कानाची तपासणीही करा.

मुलगी असेल तर हाल आणखी वाईट. थोरल्या बहिणीची सोयरिक जमेपर्यंत तिला पाहुण्यांसमोर आणायचे नाही, हा अलिखित नियम. अब्रूच्या नावाखाली एका जित्याजागत्या पोरीला आतल्या खोलीत कोंडणारे घर इज्जतदार कसे, हा प्रश्न आम्ही कधी विचारणार?

दोष एकट्या घराचा नाही. आई धीर करून मुलाला जवळच्या शाळेत नेते आणि तिथे ऐकते, 'आमच्याकडे यांची सोय नाही, दुसऱ्या मुलांचे नुकसान होते.' मराठी शाळा हे बोलते, उर्दू शाळाही बोलते. हे बोलणे कायद्याविरुद्ध आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. पसंती मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे. सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षकांची पदे निर्माण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आणि २०२५ साली राज्यांना पुन्हा सांगावे लागले. सरकार ढिम्म आहे, हे खरेच. पण आमच्या किती शिक्षणसंस्थांनी ही पदे मागितली?

आणखी एक अडचण, जिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. आमच्या मुलाच्या घरात दखनी, शेजारी तेलुगू-कन्नड आणि तपासणी मराठीत. 'कोंबडी कुठे आहे?' असे विचारले की मूल गप्प. 'मुर्गी' म्हटले असते तर त्याने लगेच चित्रावर बोट ठेवले असते. मुलाला न येणाऱ्या भाषेत त्याची अक्कल मोजायची आणि कागदावर 'मंद' लिहायचे, हा अन्याय आहे.

शर्टाचे बटण लावणे मी शिकवू शकते. त्या कामाचे बारीक तुकडे करते, आधी शेवटचा तुकडा मुलाकडून करून घेते, मग त्याच्या आधीचा. दहाची नोट ओळखणे, रस्ता ओलांडणे, हेही असेच जमते. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे, कट्टी घेणे, दुसऱ्या दिवशी बट्टी करणे, हे मी एकटी कसे शिकवू? ते गल्लीतली पोरेच शिकवतात. ज्यांना सतत मदत लागते अशा मुलांसाठी विशेष शाळा हवीच, हे मी नाकारत नाही. पण शाळा सुटल्यावर तेही मूल आपल्याच गल्लीत येते. तिथे त्याचे नाव घेऊन हाक मारणारा कुणी नसेल, तर अठराव्या वर्षी शाळा संपली की त्याच्या वाट्याला घराचा उंबरठा तेवढा उरतो.

धर्माचा हवाला देणाऱ्यांनी हजरत इब्ने उम्मे मक्तूम यांना आठवावे. हे नेत्रहीन सहाबी हजरत पैगंबर (स.) यांच्याकडे आले, तेव्हा कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू होते आणि त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. त्यावर सूरह अबसच्या आयती उतरल्या, असे तफसीरकार सांगतात. पुढे ते मदिनेत अजान देत, आणि पैगंबर (स.) बाहेरगावी गेल्यावर मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. ते खैरात मागायला आले नव्हते, शिकायला आले होते. त्यांना दान नव्हे, काम मिळाले. आज आमच्या मशिदींच्या कमिट्यांवर किती अंध, किती अपंग माणसे आहेत?

लेखकांनाही विचारते. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरले. तेव्हापासून आम्ही तलाकवर लिहिले, दंगलींवर लिहिले, गरिबीवर लिहिले. आमच्या कथांत हे मूल मला क्वचितच भेटले, आणि भेटले तेही आईच्या नशिबाचा भोग म्हणून. त्याला आवडनिवड नाही, खोडी नाही, दोस्त नाही. पुस्तकातसुद्धा आम्ही त्याला आतल्या खोलीतच ठेवले.

म्हणून सांगते, कपडे पाठवलेत तर घेऊ, शुक्रिया म्हणू. पण त्याने हिशेब चुकता होत नाही. उर्दू आणि मराठी शाळांच्या संस्थाचालकांनी येत्या जूनमध्ये या मुलांचे प्रवेश अर्ज घ्यावेत आणि विशेष शिक्षकासाठी शासनाच्या मागे लागावे. जुम्याच्या नमाजनंतर अपंगत्व प्रमाणपत्राच्या शिबिराची माहिती माइकवरून सांगावी. आणि तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला गल्लीतल्या त्या एका मुलाला बोलवा. त्याच्या हातून ग्लास सांडेल, तो मोठ्याने ओरडेल, एखाद्या पाहुण्याचे तोंड वाकडे होईल. होऊ द्या.