स्पिनिंगचा लेथ उमरेडला हवा

उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या मिरची गिरण्या आणि राईस मिल यांच्या सुट्या भागांवर माझं वर्कशॉप चालतं. हॉपर गळायला लागला की मालक म्हणतात, पत्रा वळवा अन् वेल्डिंग मारून द्या. तसं देता येतं. पण जोड आतून खडबडीत राहतो, तिथे तिखट अडकतं, ओल धरतं आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. तोच शंकू मेटल स्पिनिंगने काढला तर त्याला जोडच नसतो.

लेथवर लाकडाचा किंवा लोखंडाचा फर्मा बसवायचा, त्याच्या तोंडाशी पत्र्याचं सर्कल टेलस्टॉकने आवळायचं आणि ते फिरत असताना लांब दांड्याच्या रोलरने मधून कडेकडे दाबत न्यायचं. घाई केली की कडेला लाटा पडतात. दाबता दाबता ॲल्युमिनियम कडक होतं, मग उतरवून तापवावं लागतं. ते लाल न होताच वितळतं, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवता येत नाही. पत्र्याला साबण घासायचा, मागून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं. पत्रा ताणत नेणाऱ्या शिअर स्पिनिंगमध्ये जाडीही उतरते. शंकूचं टोक ६० अंशांचं असेल तर २ मिमीचा पत्रा १ मिमीच उरतो. ग्राहकाला टोकाचा कोन आधी विचारायचा तो यासाठी.

प्रेसला पोलादी डायची जोडी लागते आणि तिचा खर्च हजारो नगांवरच निघतो. आमच्याकडे मागणी दोन नगांची, फार तर दहा. तेवढ्यासाठी एक लाकडी फर्मा पुरतो.

याला जुनाट काम म्हणणाऱ्यांनी जरा अंबाझरीकडे बघावं. तिथल्या आयुध निर्माणीत पिनाका रॉकेटचं काम चालतं, आणि रॉकेटच्या नळ्या काढायची फ्लो फॉर्मिंग ही पद्धत स्पिनिंगच्याच कुळातली आहे. तरी आमच्या पोरांना हे शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये टर्नर वेगळा, शीट मेटल वर्कर वेगळा. स्पिनिंग पडतं दोघांच्या मधे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. तांबट आणि कासार नाहीत. शेजारच्या भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांची, तिथल्या कारागिरांचा पत्र्यावरचा हात पिढ्यांचा. त्यांनाच शिकवायला बोलवा, मानधन द्या.

हे काम घरच्या शेडमध्ये बघून बघून शिकण्यासारखं नाही. नीट न आवळलेलं सर्कल सुटलं तर कोयत्यासारखं उडतं. फिरत्या पत्र्याजवळ हातमोजे चालत नाहीत, गळ्यात दुपट्टा चालत नाही, समोर जाळी लागते. उमरेडच्या एमआयडीसीत सामायिक वापराचा एक लेथ आणि त्यावर पगारी उस्ताद, एवढंच आम्ही मागतोय. सुरुवातीच्या तुकडीसाठी हॉपरचे फर्मे माझ्याकडून न्या.