जुन्या जिप्सीचे शॉकअप : घेण्यापूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

पिटेझरी, चोरखमारा व मंगेझरी या बाजूंच्या गांवांतून हिंडतांना आतां बंडीच्या शेजारीं एखादी जुनी जिप्सी किंवा जीप उभी असलेली पुष्कळ ठिकाणीं आढळते. घरच्या कामास ती धानाचे कट्टे, खताच्या गोण्या व माणसें वाहते, आणि जंगल उघडें असेल त्या दिवसांत नागझिऱ्याच्या दारावर पर्यटकांसाठीं उभी राहते. जुलै ते सप्टेंबर जंगल बंद. त्याच दिवसांत रोवणी चालू, हातांत पैसा नाहीं, आणि गाडी दुरुस्त करून ठेवावयाची वेळही नेमकी तीच. अशा वेळीं मिस्तरी सांगतो, "चारी शॉकअप गेले, बदला." कोणते घ्यावेत हें मात्र तो सांगत नाहीं, दुकानांत जे असतील ते बसवितो. या प्रश्नावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें, कारण यांत आमचा स्वतःचाही पैसा एकदां बुडाला आहे.

ओझें उचलण्याचें काम शॉकअपचें नव्हे, पाट्यांचें आहे, हें प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे. चाक दगडावर चढलें कीं पाटा दबतो, आणि दगड गेला कीं तो उसळी मारतो. पाळण्यास एकदां झोका दिला म्हणजे जसा तो कितीतरी वेळ हालत राहतो, तशी गाडीही त्या उसळीनें खालींवर होत राहील. शॉकअपच्या नळींत तेल असतें व दट्ट्यास बारीक छिद्रें असतात. दट्ट्या खालींवर होतांना तेलास त्या छिद्रांतून बळानें जावें लागतें, आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपानें खर्ची पडतो. एवढेंच त्याचें काम. तो चांगला असेल तर चाक जमिनीस धरून राहतें. वाईट असेल तर तें नाचूं लागतें, आणि ज्या क्षणीं चाक हवेंत असतें त्या क्षणीं ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते. वळणावर अचानक चितळांचा कळप आडवा आला म्हणजे याचा अर्थ समजतो.

पाट्यांच्या गाडींत आणखी एक गोष्ट आहे, व ती दुकानदार सहसा सांगत नाहीं. पाट्यावर पाटा घासतो, आणि हें घर्षणही उसळी जिरवितें. म्हणजे या गाड्यांस थोडाबहुत शॉकअप जन्मतःच मिळालेला असतो. १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें जिची जोडणी सुरू झाली त्या विलीस जीपपासून, १९८५ सालीं निघालेल्या व २०१९ सालीं बंद झालेल्या मारुती जिप्सीपर्यंत, चारही चाकांस पाटे ही या घराण्याची ओळख होय. २०२३ सालीं बाजारांत आलेल्या जिम्नीस वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. वेटोळ्यांत असें घर्षण जवळजवळ नसतें, म्हणून तिचे शॉकअप निराळ्या हिशेबानें बनविलेले असतात. "सुझुकीचाच माल आहे, बसेल" असें कोणी म्हणाला तर त्याचें ऐकूं नये.

आतां आमची चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या जिप्सीची बैठक दगडासारखी कठीण झाली. आमच्या मातोश्री तर साकोलीस दवाखान्यांत जावयाचें असलें तरी घरची गाडी सोडून एस. टी. ची वाट पाहूं लागल्या. आम्हीं सारा दोष शॉकअपला दिला आणि शहरांतून चार महाग, वायु भरलेले शॉकअप आणून बसविले. गाडी पूर्वीपेक्षां अधिकच आदळूं लागली! शेवटीं एका वृद्ध मिस्तऱ्यानें पाटे उतरविले, तेव्हां कळलें कीं थरांत गंज भरून ते एकमेकांस चिकटले होते, आणि शॅकलचे बुश इतके जाम झाले होते कीं पाट्यास हालावयास जागाच उरली नव्हती. पाटा दबला म्हणजे तो लांब होतो, व ती लांबी शॅकलनें झेलावयाची असते. शॅकल हालेना म्हणजे पाटा हा पाटा न राहतां नुसती लोखंडी पट्टी होतो. थर खरवडून साफ केले, बुश व पिना नव्या घातल्या. खर्च शॉकअपच्या मानानें किरकोळ आला आणि बैठक पुन्हां मऊ झाली. मातोश्री गाडींत बसूं लागल्या. पण त्या चार नळ्यांपायीं जो धानाचा पैसा गेला तो गेलाच. तेव्हांपासून आमचें ठाम मत झालें आहे कीं, पाटे, शॅकल व बुश तपासल्याखेरीज कोणीही शॉकअपच्या दुकानाची पायरी चढूं नये.

शॉकअप खरोखर गेला आहे कीं नाहीं, हें ओळखावयाचें कसें? गाडीचा कोपरा दाबून सोडावा व ती किती वेळां हालते तें पाहावें, ही परीक्षा सर्वत्र सांगितली जाते. वेटोळ्याच्या गाडीस ती ठीक आहे. गंजलेल्या पाट्यांची गाडी मात्र शॉकअप पूर्ण मेलेला असतांही हालणार नाहीं, आणि मालक फसेल. आम्ही निराळें करितों. दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्यानें गाडी फिरवून आणावी व लगेच चारही नळ्यांस जपून हात लावावा. काम करणारी नळी कोमट किंवा गरम लागते. बाकीच्या गरम असतां जी एक थंड असेल, ती निकामी समजावी. मग ती काढून उभी धरावी व हातानें ओढून-दाबून पाहावी. सबंध फेरींत जोर एकसारखा लागला पाहिजे; मध्येंच कोठें मोकळी सुटली तर आंतील तेल गेलें किंवा झडप गेली. बाहेरून नुसता ओलावा दिसला तर घाबरूं नये. तेल ओघळून त्यावर धुळीचा राप बसला असेल तर मात्र बदलावें, आणि बदलतांना एका आसावरील दोन्ही एकदम बदलावे.

निवडींत सर्वांत अधिक चुका होतात त्या लांबीच्या. कट्टे वाहण्यासाठीं मागें एक जादा पाटा घालण्याची चाल आपल्याकडे फार आहे. आमच्या परिचयाच्या एका कास्तकारानें तसेंच केलें. गाडी मागून दीड-दोन इंच उचलली गेली, शॉकअप मात्र जुन्याच मापाचे राहिले. उभ्या गाडींतच ते जवळजवळ पूर्ण ताणलेले असत. पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत चाक खालीं लोंबकळलें आणि पाट्याच्या आधीं शॉकअपच संपला; खालचा डोळा तुटून नळी रस्त्यावर घासत घरीं आली. त्यानें दोष मालास दिला. आमच्या मतें दोष मापाचा होता.

माप घेणें कठीण नाहीं. गाडी सपाट जागीं उभी करून शॉकअपच्या वरच्या व खालच्या पिनांमधील अंतर मोजावें. मग चासीखालीं जॅक लावून, शिवाय भक्कम ठोकळे देऊन, चाक मोकळें लोंबकळूं द्यावें व पुन्हां मोजावें. पूर्ण ताणलेला शॉकअप या दुसऱ्या अंतरापेक्षां इंचभर तरी लांब हवा. तसेंच आस वर येऊन रबरी ठोकळ्यावर टेकतो तेव्हां जें अंतर उरतें, त्याहून मिटलेला शॉकअप चांगलाच आंखूड हवा, कारण तें रबरही आणखी दबतें; नाहीं तर दट्ट्या तळास आदळेल. हीं मापें कागदावर लिहून दुकानांत न्यावीं. "जिप्सीचा द्या" एवढ्यानें भागत नाहीं. इतक्या वर्षांत तुमच्या गाडीचे पाटे कोणीं कितीदां बदलले, हें दुकानदारास कोठून ठाऊक असणार?

आतां प्रकाराविषयीं. रिकामी जिप्सी सुमारें हजार किलोची. तींत चालक, मार्गदर्शक व सहा पर्यटक बसले म्हणजे साडेचार-पांचशें किलो वाढतात. चाळीस किलोचे दहा कट्टे टाकले तर चारशें. म्हणजे तीच गाडी सकाळीं एक असते व दुपारीं जवळजवळ दीड होते, आणि कोणताही साधा शॉकअप यांपैकीं एकाच वजनास तंतोतंत जुळतो. यासाठीं गाडीचें मुख्य काम कोणतें, हें मालकानें आधीं ठरविलें पाहिजे. दुहेरी नळीचा, नुसत्या तेलाचा शॉकअप स्वस्त व सोशीक असतो. त्याचा दोष एवढाच कीं, खडबडीत मुरुमावर बराच वेळ धांवलें म्हणजे आंतील तेल व हवा मिसळून फेंस होतो, आणि फेंसास छिद्रांतून जावयास जोर लागत नाहीं. त्याच नळींत हवेच्या जागीं थोड्या दाबाचा नायट्रोजन भरला कीं हा फेंस पुष्कळ कमी होतो. तिसरा एकेरी नळीचा, उच्च दाबाचा. तो लवकर थंड होतो खरा, पण त्याचा दट्ट्या बाहेरच्याच नळींत फिरत असल्यामुळें दगडाचा एक पोचा बसला कीं खेळ आटोपला. बांधीच्या धुऱ्यांवरून व नाल्यांतील गोट्यांवरून जाणाऱ्या गाडीस तो आम्ही सुचविणार नाहीं. ज्याची गाडी मुख्यतः शेतीच्या कामाची, त्यानें मूळ मापाचा, साध्या तेलाचा घ्यावा. ज्याची गाडी हंगामांत रोज जंगलाच्या दोन फेऱ्या करते, त्यानें थोड्या दाबाच्या नायट्रोजनचा. कडक तो चांगला ही समजूत दोघांनींही सोडावी. फार कडक शॉकअप धक्का शोषीत नाहीं, तो सरळ चासीवर व बसणाऱ्याच्या मणक्यावर नेतो.

तरुण मंडळींस गाडी चार-चार इंच उंच करण्याचा शोक जडला आहे, त्याविषयीं फार लिहीत नाहीं. उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणें गाडींत परस्पर असे फेरफार करतां येत नाहींत, आणि पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नव्यानें करून घेतांना ती तपासणीस न्यावी लागते, हें त्यांनीं विसरूं नये.

माल घेतांना खोकें व नळीवरील ठसा दोन्ही पाहावे. गॅब्रिएल इंडियासारखे कारखाने १९६१ पासून या देशांत हा माल बनवीत आहेत. तेव्हां खोक्यावर नांव मोठ्याचें व आंत नळी भलत्याची असा माल घेण्याचें कारण नाहीं. दुकानांत शॉकअप बहुधा आडवा पडलेला असतो, त्यामुळें तेलाच्या नळींत हवा शिरलेली असते. बसविण्यापूर्वीं तो उभा धरून पांच-सहा वेळां पूर्ण ओढावा व दाबावा, म्हणजे हवा वर निघून जाईल. डोळ्यांतले बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असतांना; जॅकवर आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें व लवकर फाटतें. पाटे उतरविले असतील तर यू-बोल्ट शंभर-दोनशें किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां आवळावे. हें शेवटचें काम सर्वजण विसरतात. आमच्या गाडीचेही अजून राहिलेच आहेत.