शिबिर की दवाखाना? भारतातील कुटुंबनियोजनाचा विसरलेला धडा

१/
१९७६-७७ या एका वर्षात भारतात सुमारे ८२.६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्याच वर्षी हा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास घसरला. डॉक्टर तेच होते, दवाखाने तेच होते, कुटुंबेही तीच होती. शासनाचा धाक सरला आणि त्याच्याबरोबर लोकांचा विश्वासही गेला. हा विश्वास कुठे कमावला गेला आणि कुठे गमावला गेला, याचा हा धागा.

२/
आरंभ मुंबईत. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी येथे संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. हे नाव अर्थपूर्ण आहे: कर्व्यांच्या दृष्टीने हा प्रश्न स्वास्थ्याचा होता, विशेषतः स्त्रीच्या स्वास्थ्याचा.

३/
परंतु एका व्यक्तीचे केंद्र खेड्यापाड्यांत पोहोचणे शक्य नव्हते. त्यासाठी सरकारी दवाखानाच हवा होता. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये आपल्या रुग्णालयांत अशी सेवा देण्याचे पाऊल उचलले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने तयार झालेला संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

४/
१९४६ चा भोर समितीचा अहवाल हा भारतीय आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मानला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच रुजली. गर्भारपणामुळे माता वा अर्भकाला अपाय होण्याचा संभव असेल, तर संततिनियमनाचे मार्गदर्शन करणे ही शासनाची जबाबदारी आहे, असे समितीने म्हटले. ते कुठे द्यावे? माता-बाल केंद्रांत आणि स्त्रियांवर उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्यांत. म्हणजे योग्य उत्तर स्वातंत्र्यापूर्वीच कागदावर होते.

५/
१९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम स्वीकारला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या आधाराने प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. दोन्ही रोपे एकाच ऋतूत लावली गेली. ती एकत्र वाढली असती, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

६/
तसे झाले नाही. १९६१ च्या जनगणनेने लोकसंख्या ४३.९ कोटींवर गेल्याचे दाखवले आणि राज्यकर्त्यांत भीती पसरली. १९६५ मध्ये मुखर्जी समितीने कुटुंबनियोजनासाठी स्वतंत्र कर्मचारीवर्ग असावा अशी शिफारस केली. १९६६ मध्ये केंद्रात स्वतंत्र कुटुंबनियोजन विभाग स्थापन झाला. उद्दिष्टे वरून ठरू लागली: इतक्या शस्त्रक्रिया, इतके ‘लूप’.

७/
१९६५ पासून ‘लूप’ हे गर्भाशयात बसवण्याचे साधन देशभर वेगाने बसवले गेले. काही स्त्रियांना रक्तस्राव झाला, वेदना झाल्या. अशा वेळी पुन्हा तपासून धीर देणारी व्यवस्था बहुतेक गावांत नव्हती. बसवणारे पथक निघून गेलेले असे. अफवा पसरल्या, मागणी ओसरली. साधनात दोष होतेच. पण अधिक मोठी उणीव साधन बसवल्यानंतरच्या सेवेची होती.

८/
त्याच काळात दुसरी वाटही चालून पाहिली जात होती. पंजाबातील नारंगवाल येथे डॉ. कार्ल टेलर यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पात बालआरोग्य, मातृसेवा आणि कुटुंबनियोजन एकत्र दिल्यास काय घडते, याचा अभ्यास झाला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले. तेथे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण मिळाले. बाळंतपण, मुलांचे आजार, पिण्याचे पाणी आणि कुटुंबनियोजन हे सारे त्यांच्याकडेच होते.

९/
या वाटेमागचे तर्कशास्त्र साधे आहे. पहिली दोन मुले जगतील याची खात्री नसलेली आई तिसरे मूल नाकारण्याचा विचार कशी करील? जिने मुलाच्या अतिसारावर वेळेत इलाज केला, तिच्याच तोंडून पाळणा लांबवण्याचा सल्ला आला, तर तो आपुलकीचा वाटतो. वर्षातून एकदा जीपमधून येणाऱ्या पथकाकडून आला, तर तो हुकूम वाटतो.

१०/
शासनालाही हे उमगत होते. १९७३ मध्ये कर्तार सिंग समितीने हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा वेगवेगळ्या कार्यक्रमांचे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमावेत, असे सुचवले. आजच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक ही त्याच विचाराची देणगी. परंतु याच सुमारास शासनाच्या मनावर मोहिनी होती ती शिबिरांची. जुलै १९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलम येथील भव्य शिबिरात ६३,४१८ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्याचे अप्रूप देशभर पसरले होते.

११/
आणीबाणीत शिबिराला सक्तीची जोड मिळाली. शिक्षक, तलाठी, पोलीस अशा आरोग्याशी संबंध नसलेल्यांनाही ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट देण्यात आले. कुणाची बढती अडली, कुणाचा परवाना. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. नसबंदीशी निगडित १,७७४ मृत्यूंच्या तक्रारींची नोंद पुढे शहा आयोगाने केली.

१२/
१९७७ मध्ये ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द मागे पडला आणि ‘कुटुंबकल्याण’ आले. १९७८ च्या अल्मा-अता जाहीरनाम्याने कुटुंबनियोजन हा प्राथमिक आरोग्यसेवेतील मातृ-बाल आरोग्याचाच भाग असल्याचे जगापुढे मांडले. भारताने त्यावर स्वाक्षरी केली. तरीही उद्दिष्टे राहिली. बदलले ते शरीर: राजकीय कोपाची भीती पुरुष-नसबंदीला चिकटली आणि सारा भार स्त्रीवर सरकला.

१३/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन सेवा एका छताखाली आणल्या की एकात्मता साधली, असे नसते. ऐंशीच्या दशकात आरोग्यसेविकेकडे लसीकरण, बाळंतपण, कुटुंबनियोजन सगळेच होते. पण वरिष्ठांच्या बैठकीत तिला प्रथम विचारले जाई ते शस्त्रक्रियांच्या आकड्याबद्दल. मार्च जवळ आला की बाकीचे काम मागे पडे. म्हणजे आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजन सामावले गेले नाही. कुटुंबनियोजनाने आरोग्य केंद्र गिळले.

१४/
म्हणूनच एप्रिल १९९६ ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने वरून लादलेली गर्भनिरोधनाची उद्दिष्टे देशभर रद्द केली. स्थानिक गरजेनुसार नियोजन करायचे ठरले. पुढे ‘आशा’ आल्या. २०१७ पासून सरकारी व्यवस्थेत ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मिळू लागल्या. निवडीला थोडी जागा झाली.

१५/
पण जुनी सवय सुटली नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत भरलेल्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. १३ जणींचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले उचलण्यास सांगितले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सक्षम करण्याकडे लक्ष वेधले.

१६/
शिबिरांच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. दुर्गम भागात शल्यचिकित्सक रोज नसतो. शिबिर नसेल तर ज्या स्त्रीला शस्त्रक्रिया हवी आहे तिने जावे कुठे? पण या युक्तिवादातूनच उत्तर निघते. जेथे डॉक्टर नाही तेथे शिबिरानंतर ताप आला, जखम चिघळली, तर बघणारेही कुणी नसते. ठरलेल्या दिवशी, कायमस्वरूपी दवाखान्यात शस्त्रक्रिया आणि इतर सर्व दिवशी गोळ्या, तांबी, निरोध, इंजेक्शन, सल्ला: हा मार्ग संथ आहे, पण टिकणारा आहे.

१७/
२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण प्रजननदर २.० वर आला आहे. ‘लोकसंख्येच्या स्फोटा’ची भीती दाखवून घाई करण्याचे कारण उरलेले नाही. मात्र त्याच सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आहे. पाळणा लांबवण्याची साधने आजही मागेच आहेत. उद्दिष्टांच्या काळाची सावली या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते.

१८/
एखाद्या राज्याचे कुटुंबनियोजन खरोखर आरोग्यसेवेत मिसळले आहे का, हे ओळखण्याची एक कसोटी इतिहासाने दिली आहे. किती शस्त्रक्रिया झाल्या, हे विचारू नये. विचारावे ते असे: मुलाला लस टोचण्यासाठी उपकेंद्रात आलेल्या आईला तेथेच, त्याच दिवशी, तिच्या पसंतीचे साधन मिळते का, आणि त्रास झाल्यास दुसऱ्या दिवशी तेच दार उघडे असते का. आकडे शिबिरांनीही वाढवून दाखवले होते. हे दार उघडे ठेवणे मात्र त्यांना कधीच जमले नाही.