जे आधी येईल ते

गाडी सर्व्हिसिंग होऊन आली की दाराच्या आतल्या कडेला किंवा काचेच्या कोपऱ्यात एक छोटं स्टिकर लावलेलं दिसतं. त्यावर दोन रकाने असतात. पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हा पहिला, आणि कोणत्या तारखेला हा दुसरा. पहिला रकाना गॅरेजवाला बॉलपेनने ठसठशीत भरतो. दुसरा बहुधा कोराच राहतो. रोज धावणाऱ्या गाडीचं त्यावाचून काही अडत नाही, कारण तारीख यायच्या आधी तिचे किलोमीटरच भरतात. पण कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. चंदेरी कव्हरं घातलेल्या, कव्हरावर पारव्यांची रांगोळी असलेल्या गाड्या मोजा. या गाड्यांचा सगळा घोटाळा त्या कोऱ्या रकान्यात आहे.

आमच्याच इमारतीतल्या एका काकांची गाडी घ्या. वय वर्षं ६, मीटरवर ११,४०० किलोमीटर. मुलगा परदेशात. तो डिसेंबरात येतो तेव्हा गाडी महाबळेश्वर पाहते. एरवी भाजी, बँक आणि डॉक्टर, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. २०२०च्या टाळेबंदीत बॅटरी उतरली होती, तेव्हापासून काकांनी एक नेम धरलाय. दर रविवारी सकाळी नऊला खाली यायचं, कव्हर काढायचं, गाडी सुरू करायची, पेपरचं पहिलं पान होईस्तोवर, म्हणजे पाच मिनिटं, जागेवरच चालू ठेवायची आणि बंद करायची. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब फरशीवर पडू लागले की काका खूश. "बघा, घाम फुटला. म्हणजे इंजिन तंदुरुस्त!" आणि ऑइल? "अहो, ते दहा हजाराला बदलायचं असतं. मागच्या वेळेपासून चार हजारसुद्धा झालेले नाहीत."

काका हिशेबात चुकत नाहीत. ते वाक्य अर्धं वाचतात. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या मॅन्युअलमध्ये ते वाक्य साधारण असं असतं : १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते. आपण आकडा लक्षात ठेवतो आणि शेवटचे चार शब्द सोडून देतो. कमी चालणाऱ्या गाडीसाठी नियम त्या चार शब्दांतच आहे.

आता कुणी म्हणेल, बंद डब्यातलं ऑइल तर दुकानात चार-चार वर्षं टिकतं, मग इंजिनातलं वर्षात कसं खराब होईल? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर काकांच्या त्या थेंबांत आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते जळताना हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन घेतो आणि पाणी बनतं. थोडंथोडकं नव्हे, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. पण थोडे वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, ऑइलच्या चेंबरकडे उतरतात. इंजिन तापलेलं असेल तर ही वाफ तिथे थांबत नाही, बाहेर ओढली जाते. इंजिन गार असेल तर ती थंड पत्र्यावर बसते आणि ऑइलमध्ये उतरते, झाकण ठेवलेल्या भाताच्या पातेल्यातलं पाणी परत भातात पडावं तसं.

एकटं पाणीच नव्हे. गार इंजिन सुरू करताना त्याला पेट्रोल जरा जास्तच पाजावं लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि ऑइल पातळ करतं. शिवाय ज्वलनातून येणारी आम्लं असतात. ऑइलमध्ये ही आम्लं मारणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, पण ती मोजकीच. आम्लं मारता मारता स्वतःच संपतात. नेमाने लांब धावणारी गाडी दर खेपेला ऑइल तापवून पाणी-पेट्रोल उडवून टाकते. पाच मिनिटं सुरू होणारी गाडी दर खेपेला थोडी भर घालते, उडवत काहीच नाही. गाडी मरू नये म्हणून काकांनी जो नेम धरला, तोच तिला आतून खातोय. घाम फुटतो खरा, पण त्यातला काही आतच जिरतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोराने एकदा हे काकांना डोळ्यांनी दाखवलं. आधी डिपस्टिक काढली. ऑइल मधासारखं, स्वच्छ. काकांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. मग त्याने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून काकांच्या हातात दिलं. आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखा, पिवळट, चिकट थर. "काका, ही साय बघा. पाणी आणि ऑइल घुसळून झालीय. गाडी तापतच नाही तुमची." काकांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला, आणि काही न बोलता रुमालाला पुसलं. अशी साय दिसली म्हणजे इंजिन गेलं असं नव्हे. कूलंटची पातळी घटत नसेल तर ती बहुधा साचलेल्या दमटपणाचीच असते. पण गाडी कशी वापरली जातेय याची ती सही असते.

त्या प्रसंगातून रंगाचाही एक गैरसमज निकालात काढायला हवा. ऑइल काळं म्हणजे खराब आणि सोनेरी म्हणजे चांगलं, असं आपण मानतो. खरं तर चांगलं ऑइल काळं पडतं ते काम केल्यामुळेच. काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं एक कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं होतं. उलट क्वचित चालणाऱ्या गाडीतलं ऑइल दिसायला गोरंगोमटं आणि आतून पाण्या-पेट्रोलने नासलेलं असू शकतं. डिपस्टिक पातळी सांगते, प्रकृती सांगत नाही.

पातळीही कधी कधी फसवते. बीएस-६ नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा एक फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. ती जाळण्यासाठी अनेक गाड्यांमध्ये जादा डिझेल सोडलं जातं, आणि गाडी मध्येच बंद झाली की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. मालक म्हणतो, वा, ऑइल पीतच नाही! रोज तीन किलोमीटरसाठी अशी डिझेल गाडी बाळगणं हा त्या गाडीवरही अन्याय आहे. स्कूटरचं गणित आणखी नाजूक. तिच्या इंजिनात ऑइल असतं जेमतेम पाऊण लिटर. घाण तिथेही साचते, पण ती सामावणारं भांडं लहान.

दुसऱ्या टोकाचाही समाचार घ्यायला हवा. "गाडी उभी असते ना साहेब, मग दर तीन महिन्यांनी बदला," असं सांगणारे आणि सोबत इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, अमुक पावडर, तमुक बाटली बिलात चिकटवणारेही आहेत. त्याची गरज नाही. एका वर्षाची मुदत मुळातच हात राखून ठरवलेली असते. ३६६व्या दिवशी ऑइलचं विष होत नाही. महिन्यातून दोनदा गाडी नीट तापेपर्यंत बाहेर निघत असेल आणि ऑइल सिंथेटिक असेल, तर वर्षातून एकदा हे पुरेसं आहे. गाडी केवळ भाजी-बँकेच्या फेऱ्यांपुरतीच निघत असेल, तर मॅन्युअलमधलं 'कठीण वापर' या अर्थाचं पान उघडून पाहा. आपण समजतो कठीण म्हणजे घाट आणि खडी. त्या यादीत बऱ्याचदा लहान फेऱ्या आणि जागेवर चालू ठेवलेलं इंजिन हेही असतं. तिथे दिलेली मुदत छोटी असते, आणि ती पाळावी. गाडी वॉरंटीत असेल तर तारीख चुकवणं आणखीच महागात पडू शकतं.

साध्या मोटारीत साडेतीन-चार लिटर ऑइल आणि एक फिल्टर, म्हणजे काही हजारांचा खर्च. ऑइलच्या वाटा गाळाने बुजल्या आणि इंजिन खोलायची वेळ आली, तर त्याच आकड्यापुढे एक शून्य वाढतं. वर्षाला दोन हजार किलोमीटरसाठी एवढं ऑइल फेकून द्यायचं, हे आपल्या काटकसरी मनाला टोचतं, हे खरं. पण आपण ऑइल किलोमीटरसाठी बदलत नसतो. त्यात वर्षभर काय काय पडलं, त्यासाठी बदलत असतो.

मग रविवारच्या त्या पाच मिनिटांचं काय करायचं? सरळ बंद करा. पाच मिनिटांत बॅटरीचंही भलं होत नाही. स्टार्टरने एका झटक्यात ओढलेली वीजही जागेवर उभ्या इंजिनाकडून जेमतेम भरून निघते. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं, असं समजू नका. तो काटा कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या मागून, बऱ्याच उशिराने तापतं. कोथरूडकरांनी खडकवासल्यापर्यंत जाऊन यावं. रविवारी संध्याकाळी मात्र नको, तिथे गाडीआधी माणूस तापतो. तेवढ्याने टायर, ब्रेक, एसी सगळ्यांनाच हालचाल मिळते आणि वायरी कुरतडायला टपलेल्या उंदरांनाही कळतं की या घराला मालक आहे. चालवणं शक्यच नसेल, तर उगीच सुरू-बंद करण्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून गाडी शांत झोपू द्या.

कोकणातल्या घरी गाडी ठेवून मुंबईला परतणाऱ्यांसाठी एक सांगणं वेगळं. मे महिना संपवून गाडी गणपतीपर्यंत उभी करणार असाल, तर ऑइल परतल्यावर नव्हे, उभी करण्याआधी बदला, आणि नव्या ऑइलवर एक चांगली फेरी मारून मगच कव्हर घाला. जुन्या ऑइलमधली आम्लं आणि पाणी पावसाळाभर बेअरिंगना लागून बसण्यापेक्षा स्वच्छ ऑइलचा हात फिरलेला बरा.

बाकीच्यांना तारीख लक्षात राहत नाही ही अडचण खरी, पण ती सोडवायला पंचांग पुरेसं आहे. खंडेनवमी-दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, बॉनेटला झेंडूचा हार घालतो. त्याच आठवड्यात बॉनेट उघडून ऑइलही बदलावं. काकांनी गेल्या दसऱ्यापासून हे मान्य केलंय. गॅरेजमधल्या पोराने सवयीने स्टिकरवर किलोमीटर लिहिले आणि पेन टोपणात घालू लागला, तेव्हा काकांनीच ते त्याच्या हातातून घेतलं आणि दुसऱ्या रकान्यात तारीख घातली. तुमच्या गाडीचं स्टिकर आज संध्याकाळी पाहा. तो रकाना कोरा असेल, तर पेन घेऊनच खाली उतरा.